शब्दच नसलेल्या प्रायोगिक संगीताचा लैंगिकतेशी संबंध कसा लावतात?

शब्द नसले तरी हा संबंध लावता येतो, कारण आवाज कोणत्या देहातून येतो, तो कोण कसा ऐकतो आणि गप्प राहण्याची सक्ती कोणावर असते, हे प्रश्न शब्दांवर अवलंबून नाहीत. संगीतशास्त्रज्ञ सुझन मॅक्लेरी यांनी १९९१ मध्ये असे मांडले की, ताण वाढवत नेऊन तो शिखराशी मोकळा करण्याची पाश्चात्त्य संगीतातील रूढ घडण तटस्थ नाही; तीत इच्छेची एक पुरुषकेंद्री कल्पना मुरलेली आहे. शिखराकडे धावणेच नाकारणाऱ्या संगीताचे महत्त्व येथे कळते. अमेरिकन संगीतकार पॉलीन ऑलिव्हेरोस यांच्या 'सॉनिक मेडिटेशन्स' या शब्दांत लिहिलेल्या सूचनांच्या संग्रहातील एक सूचना सांगते की, रात्री इतक्या निःशब्दपणे चाला की तळपायांचेच कान होतील. येथे वादक आणि श्रोता हा भेद उरत नाही, ऐकणे साऱ्या देहाचे होते. ऑलिव्हेरोस यांनी हे प्रयोग स्त्रियांच्या गटासोबत घडवले, ही बाब मला फार मोलाची वाटते. अमेरिकन संगीतकार जॉन केज यांच्या १९५२ मधील मौनाच्या रचनेकडेही (तीत वादक काहीच वाजवत नाही), समलिंगी संबंध गुन्हा ठरवणाऱ्या तत्कालीन अमेरिकेतील प्रतिकार म्हणून काही अभ्यासकांनी पाहिले आहे. मात्र रचनाकाराची लैंगिक ओळख म्हणजे कृतीचा अर्थ नव्हे. केज संगीतातून आत्माविष्कार कटाक्षाने टाळत. १९७५ मध्ये बफेलो येथे संगीतकार ज्युलियस ईस्टमन यांनी केज यांची एक रचना उघड समलिंगी आशयाने सादर केली, तेव्हा केज यांनी जाहीरपणे संताप व्यक्त केला होता.