कविता कशी मोजायची?

प्रिय सोनू,

काल व्हिडिओ कॉलवर आजी मनाचे श्लोक म्हणत होती, तेव्हा तू मला विचारलंस, "आजी म्हणते आपल्याकडे कविता मोजून लिहितात. मोजणं म्हणजे गणित ना?" मी घाईत 'हो' म्हणाले. एवढ्या छान प्रश्नाला एवढंसं उत्तर पुरत नाही, म्हणून हे पत्र.

'म' म्हण, मग 'मा' म्हण. 'मा'ला दुप्पट वेळ लागतो. 'म' लघु, त्याची एक मात्रा. 'मा' गुरू, त्याच्या दोन. मनाचे श्लोक भुजंगप्रयात वृत्तात आहेत. प्रत्येक ओळीत 'लघु-गुरू-गुरू' चार वेळा, म्हणजे 12 अक्षरं, 20 मात्रा. 'मना सज्जना' म्हणताना 'स' ऱ्हस्व असूनही गुरू होतो, कारण पुढच्या जोडाक्षराचा आघात त्याच्यावर येतो. टाळी वाजवून म्हण, लगेच कळेल.

आता गंमत. तीन अक्षरांत लघु-गुरू 8 प्रकारे बसतात. ते आठही लक्षात ठेवायला आम्ही शाळेत 'यमाताराजभानसलगा' पाठ करायचो. कुठल्याही अक्षरापासून सलग तीन घे: यमाता (लघु-गुरू-गुरू), मातारा (गुरू-गुरू-गुरू), ताराज... शेवटी सलगा. आठ तुकडे, आठही वेगळे, एकही राहत नाही! 24 अक्षरांचं काम फक्त 10 अक्षरांत. मला हे आजही एखाद्या सुंदर चित्रासारखं वाटतं.

आणखी एक. 4 मात्रा भरायच्या किती रीती? शेवटचं अक्षर लघु असेल तर आधीच्या 3 मात्रा भरायच्या, त्याच्या रीती 3. गुरू असेल तर आधीच्या 2 भरायच्या, त्याच्या रीती 2. एकूण 5. असंच पुढे गेलीस की 1, 2, 3, 5, 8, 13 येतात. तुमच्या वर्गात या आकड्यांना फिबोनाची या इटालियन गणितज्ञाचं नाव आहे. त्याचं पुस्तक 1202 सालचं. गुजरातच्या हेमचंद्राचार्यांनी त्याच्या आधीच, 12व्या शतकात, वृत्तांच्या मात्रा मोजताना ते सांगितले होते. कविता मोजता मोजता!

आता तू करून बघ. वहीत ही ओळ लिही आणि प्रत्येक अक्षराखाली ल (लघु) किंवा गा (गुरू) लिही. बोलताना 'वाटते'तला 'ट' आपण अर्धा गिळतो, इथे तो पूर्ण म्हणायचा:

मला वाटते की तुला भूक आहे

तुझी,
आई