कोकणात, चिपळूणजवळ राहून वळ्या पडलेल्या (दाबाने मुडपलेल्या) खडकांचा नकाशा करायला शिकता येईल का?

येईल, पण तुम्ही म्हणताय तसं चिपळूणजवळ नाही. तुमच्या समोरचा सह्याद्री म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर, जवळजवळ आडवे. पनवेलच्या बाजूला ते पश्चिमेकडे कललेत (पनवेल फ्लेक्शर), पण त्यावर वळ्यांचा हात बसत नाही. त्यासाठी खाली सिंधुदुर्गात या. रेडी-वेंगुर्ले पट्ट्यातले धारवाडी खडक लाव्ह्याच्या कितीतरी आधीचे, आणि चांगलेच मुडपलेले.

इथे डोकेदुखी एकच, जांभा. त्याने सगळं झाकलेलं असतं; सड्यावर (जांभ्याच्या पठारावर) दिवसभर भटकलात तरी खालच्या थराचं तोंड दिसायचं नाही. म्हणून ओढे, नदीचं पात्र, ओहोटीला उघडा पडणारा कातळ, रस्त्यासाठी कापलेली दरड, नव्याने खणलेली विहीर, एवढ्याच जागा धरायच्या. पावसाळ्यात जाऊच नका, गवतात काही सापडत नाही.

प्रत्येक ठिकाणी डिप (थर कुठे आणि किती अंशांनी कललाय) आणि स्ट्राइक (त्या उताराला काटकोनातली थराची आडवी दिशा) मोजा, पण आधी धोंडा जागचा आहे की वरून घरंगळलेला ते बघा. फिलाइटमध्ये (दाबाने बनलेला, पापुद्रे सुटणारा बारीक कणांचा खडक) जपून: तो ज्या पापुद्र्यांनी सुटतो तो मूळ थर असेलच असं नाही, दाबाखाली नंतर आलेली ती फूट असते. लोहखनिजाच्या लाल-काळ्या पट्ट्या मात्र खरा थर दाखवतात. फक्त तिथे मॅग्नेटाइट (चुंबकीय लोहखनिज) असलं की होकायंत्राची सुई भरकटते, मग दिशा नकाशावरच्या खुणांवरून काढा.

वळी डोळ्यांनी अख्खी दिसत नाही, आकड्यांतून जुळवावी लागते. थर एकमेकांपासून लांब कलले तर अपनती (कमानीसारखी वळी), एकमेकांकडे कलले तर अभिनती (खोलगट वळी), हे पुस्तकात. प्रत्यक्षात वळी इतकी आवळलेली असते की दोन्ही बाजू एकाच दिशेला कलतात आणि नवखा माणूस सगळा एकच जाड थर समजतो. तेव्हा क्रम बघा. क्वार्टझाइट (वाळूच्या खडकापासून बनलेला कठीण खडक), फिलाइट, लोहपट्टी आणि पुढे पुन्हा फिलाइट, क्वार्टझाइट असा उलटा आला, तर मध्ये वळीचा अक्ष आहे असं समजायला हरकत नाही. पट्टीच्या बाजूने चालत राहा. स्ट्राइक हळूहळू फिरत उलट वळली की तेच वळीचं नाक, म्हणजे थर वळून परत फिरतो ती जागा. मला विचाराल तर शंभर नोंदींपेक्षा या एका जागेच्या चार नोंदी मोलाच्या.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे नकाशे भूकोश पोर्टलवर आहेत, पण ते आधी उघडू नका. स्वतःचा काढा, मग ताडून बघा. आणि खाणीत शिरायचं तर परवानगी घेऊनच.