दाढी कोणाची आणि केली कोणी? 'शेव्ह' या शब्दाविषयी

तारकर्लीला घरगुती निवासव्यवस्था चालवणाऱ्या आपल्या एका सदस्याचा प्रश्न थोडक्यात असा आहे. एका परदेशी पाहुण्याने सकाळी 'व्हेअर कॅन आय गेट अ शेव्ह?' असे विचारले, तेव्हा यांनी त्याला न्हाणीघर दाखवून नवे रेझर हातात दिले आणि तो गोंधळला. त्याच पाहुण्याने संध्याकाळी होडीच्या फेरीविषयी 'दॅट वॉज अ क्लोज शेव्ह' असे उद्गार काढले, आणि निघताना बिलातून काही 'शेव्ह ऑफ' करता येईल का, अशी विचारणा केली. एकाच शब्दाचे इतके अर्थ कसे, आणि कोणता केव्हा घ्यावा, असे सदस्याने विचारले आहे.

सकाळच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण खरी मेख तेथेच आहे. 'गेट अ शेव्ह' म्हणजे दुसऱ्याच्या हातून दाढी करून घेणे. पाहुण्याला रेझर नको होते, मालवणच्या बाजारपेठेतील सलूनचा पत्ता हवा होता. आपला गोंधळ होतो तो मराठीच्या सवयीमुळे. 'मी दाढी केली' या वाक्यात वस्तरा कोणाच्या हातात होता हे आपण सांगत नाही. घरी आरशासमोर केली तरी तेच वाक्य आणि सलूनच्या खुर्चीत मान मागे टाकून बसलो तरी तेच वाक्य. 'जरा दाढी करून येतो' असे म्हणून बाहेर पडणारा माणूस स्वतः काहीच करणार नसतो, हे ऐकणाऱ्याला प्रसंगावरून कळते. इंग्रजीत मात्र 'आय शेव्ह्ड' म्हटले की स्वतःच्या हाताने केली, असेच ऐकणारा समजतो. दुसऱ्याने केली असेल तर 'आय गॉट अ शेव्ह' म्हणावे. 'आय हॅड अ शेव्ह' दोन्हीकडे चालते, विशेषतः ब्रिटिश बोलण्यात, त्यामुळे शंका असल्यास 'गॉट' अधिक सुरक्षित.

हाच भेद मुलाचे जावळ काढतानाही पाळावा लागतो. 'दे शेव्ह्ड द चाइल्ड्स हेड' असे लिहिले, तर आईवडिलांनीच वस्तरा चालवला असा अर्थ निघतो. 'दे हॅड द चाइल्ड्स हेड शेव्ह्ड' असे लिहिले की काम नाभिकाने केले हे स्पष्ट होते. तर्कशास्त्रातील न्हाव्याचे प्रसिद्ध कोडे या भेदावरच उभे आहे. गावातील जे पुरुष स्वतःची दाढी स्वतः करत नाहीत त्या सर्वांची, आणि केवळ त्यांचीच, दाढी जो करतो, त्या न्हाव्याची दाढी कोण करतो? ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांनी १९१८ सालच्या व्याख्यानांत ते मांडले. मराठीत ते सांगताना 'स्वतःची' आणि 'स्वतः' हे दोन्ही शब्द आवर्जून घालावे लागतात; ते गाळून कोणाला सांगून पाहा, समोरच्याला त्यात कोडे काय आहे हेच कळणार नाही.

आता कर्म कोणते घ्यावे ते पाहू. मराठीत आपण दाढी 'करतो', म्हणजे प्रत्यक्षात ती काढून टाकतो, आणि याचे आपल्याला कधी नवल वाटत नाही. इंग्रजीतील 'बिअर्ड' हा शब्द मात्र गालांवर असलेल्या केसांनाच लावतात. ती ठेवतात, वाढवतात, कातरून नीट करतात किंवा 'शेव्ह ऑफ' करतात. 'शेव्ह' या क्रियापदाला दोन प्रकारची कर्मे चालतात: जे मागे उरते ते, म्हणजे चेहरा, डोके, हनुवटी; किंवा जे निघून जाते ते, म्हणजे दाढी, मिशी, केस. दुसऱ्या प्रकारात काहीही शिल्लक ठेवले नाही हे ठसवायचे असेल तर 'ऑफ' जोडावे. हे आपल्याकडे रोज उपयोगी पडणारे आहे, कारण पाण्याखाली उतरणाऱ्यांच्या मास्कची कड ओठावरच्या मिशीमुळे त्वचेला घट्ट बसत नाही आणि आत पाणी झिरपते. अशा वेळी पाहुण्याला केवळ 'प्लीज शेव्ह' म्हटले तर तो गाल गुळगुळीत करून मिशी तशीच ठेवून येण्याचा संभव आहे. नाकाखालची कड तेवढी साफ करावी असे म्हणायचे असेल, तर 'शेव्ह जस्ट अंडर द नोज' असे नेमके सांगावे. एवढ्यासाठी कोणाला अख्खी मिशी काढायला लावू नये, हे माझे वैयक्तिक मत.

रूपांविषयी दोनच वाक्ये पुरतील. भूतकाळासाठी 'शेव्ह्ड' वापरावे. 'शेव्हन' हे जुने रूप आता मुख्यतः 'क्लीन-शेव्हन'सारख्या विशेषणांत उरले आहे.

दाढीपलीकडचे अर्थ कोठून आले, हे मूळ पाहिले की उलगडते. जुन्या इंग्रजीत या क्रियापदाचा अर्थ खरवडणे, तासणे असा होता, आणि डच भाषेत याच कुळातील शब्द सुताराच्या रंध्याला लावतात. धारदार पात्याने पृष्ठभागावरून पातळ थर काढणे, हे या शब्दाचे बीज आहे. म्हणून रंध्याखालून निघणारी वळलेली पातळ सालपटे म्हणजे 'शेव्हिंग्ज'. करवतीचा भुसा त्यात येत नाही आणि कुऱ्हाडीने उडालेली ढलपीही नाही. त्या दोहोंना इंग्रजीत वेगळे शब्द आहेत. सावंतवाडीची लाकडी खेळणी बनताना चरकावर फिरणाऱ्या लाकडातून पटाशीखाली सुटणाऱ्या सालींनाही 'शेव्हिंग्ज' म्हणता येईल. उन्हाळ्यात गाडीवर मिळणारा बर्फाचा गोळा हा तर अस्सल 'शेव्ह्ड आइस', कारण तेथे उलटा बसवलेला रंधाच बर्फ तासत असतो. नारळाच्या बाबतीत मात्र सावध राहावे: खवणीवर खवलेला नारळ हा 'ग्रेटेड कोकोनट' होय. जेवणाच्या यादीत 'शेव्ह्ड' लिहिले, तर पाहुणा पातळ कापांची वाट पाहत बसेल.

पृष्ठभागाला निसटता स्पर्श करून जाणे, हा अर्थही त्या बीजातूनच आला. क्रिकेटच्या समालोचनात चेंडू यष्टीला 'शेव्ह' करून गेला असे म्हणतात, तेव्हा तो किंचित घासून गेलेला असतो किंवा केसाच्या अंतराने हुकलेला असतो, आणि बेल्स जागच्या जागी राहिलेल्या असतात. 'क्लोज शेव्ह' म्हणजे असेच थोडक्यात बचावणे. आपल्या 'जिवावरचे शेपटीवर निभावले' या म्हणीत काहीतरी गमावलेले असते. 'क्लोज शेव्ह'मध्ये सहसा काहीच गमावलेले नसते, म्हणून ही म्हण येथे प्रतिशब्द म्हणून वापरू नये. होडी खडकाला लागता लागता राहिली असेल, तर पाहुण्याचे म्हणणे योग्यच होते आणि नावाड्याशी त्याविषयी बोलून घेणे आपले काम आहे. दाढीच्या सामानाच्या जाहिरातीत मात्र याच दोन शब्दांचा सरळ अर्थ असतो: त्वचेलगत झालेली गुळगुळीत दाढी.

राहिला बिलाचा प्रश्न. किंमत, वेळ किंवा अंतर यांतून थोडेसे कमी करणे यासाठी 'शेव्ह ऑफ' वापरतात, आणि 'थोडेसे' हे त्यात महत्त्वाचे आहे. गाडीने प्रवासातील दहा मिनिटे वाचवली तर 'शेव्ह' शोभते. तिकीट निम्म्यावर आले तर 'कट' किंवा 'हाव्ह' म्हणावे लागेल. आपल्याकडे ग्राहकाची 'बिनपाण्याने हजामत' होते, तो प्रकार येथे अभिप्रेत नाही. त्या अर्थाने इंग्रजीत 'शेव्ह' वापरून पाहू नका, त्यासाठी 'फ्लीस' हा वेगळा शब्द आहे. तेव्हा पाहुण्याने मोठी सवलत मागितली नव्हती, वरचे शंभर-दोनशे रुपये सोडाल का एवढेच विचारले होते. सोडायचे असतील तर 'आय कॅन शेव्ह अ लिटल ऑफ' म्हणावे. नसतील तर 'सॉरी, द रेट इज फिक्स्ड' हे वाक्य पुरेसे सभ्य आहे.