जीबीएसमधून सावरतेय, पण प्रार्थनाच होत नाही. ख्रिस्ती विश्वासातून बळ कसं मिळवायचं?

ताई, सलाम.

तुम्ही लिहिलंय की जीबीएस (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) होऊन गेला, दवाखान्यातून घरी आलात, पाय अजून साथ देत नाहीत. चर्चच्या मंडळीतले सगळे 'प्रभूवर विश्वास ठेव' म्हणतात आणि तुमच्याकडून मात्र प्रार्थनाच होत नाही. वर पुन्हा होईल की काय ही धास्ती.

मी पुण्यात सिंहगड रोडच्या बाजूला राहतो. जानेवारी २०२५ मध्ये नांदेडगाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात जीबीएसची साथ आली, त्यात मीही सापडलो. आधी जुलाब, मग पायांना मुंग्या, मग जिना चढवेना, मग चमचा धरवेना. डोळे मिटेनात म्हणून रात्री मलम घालून पट्टी लावायचे. तेव्हा माझ्या कामाला काय आलं एवढंच सांगतो.

माझे पाय प्रार्थनेनं परत आले असं मी कुणाला सांगत नाही. चर्चमध्ये साक्ष द्यायला, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगायला, उभं केलं तेव्हाही सांगितलं नाही, आणि ते काहींना रुचलं नाही. शरीराची प्रतिकारशक्ती जंतूंशी लढता लढता स्वतःच्याच नसांवर (मज्जातंतूंवर) उलटली, इम्युनोग्लोब्युलिनच्या, म्हणजे रक्तातल्या प्रतिपिंडांच्या, इंजेक्शनांनी तिला आवर घातला आणि उरलेलं काम फिजिओथेरपीनं केलं. मिशनऱ्यांनी मिरजेला आणि वेल्लोरला दवाखाने बांधले, ते काही त्यांचा विश्वास कमी होता म्हणून नव्हे. त्यामुळे 'औषधं बंद कर, नुसतं तेल लावून प्रार्थना करू' असं कुणी म्हणालं, तर त्यांना चहा पाजा आणि वाटेला लावा. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करायला सांगितलंय खरं, पण वैद्याला दाराबाहेर ठेवा असं तिथे कुठंही नाही.

आता तुमचा खरा प्रश्न. प्रार्थना होत नाही.

माझीही होत नव्हती. आयसीयूत 'हे स्वर्गीय पित्या' म्हणून सुरुवात करायचो आणि पुढे डोकं कोरं. अशा वेळी मार्कच्या शुभवर्तमानातल्या दुसऱ्या अध्यायातली कफर्णहूमची गोष्ट आठवली. लहानपणी संडेस्कूलमध्ये ती छप्पर उसकटण्याच्या गमतीसाठी आवडायची. पक्षाघाती माणूस, त्याला बाजेसकट उचलून आणणारे चौघं, दारात ही गर्दी, म्हणून छपराला भोक पाडून त्याला खाली सोडतात. त्या आजाऱ्यानं काही मागितलं, काही कबूल केलं, 'माझा विश्वास आहे' असं म्हटलं, यातलं काहीच तिथे लिहिलेलं नाही. येशू पाहतो तो आणणाऱ्यांचा विश्वास. मी हातपाय न हलवता पडलेलो असताना या गोष्टीनं मला जो मोकळा श्वास दिला, तो कुठल्या प्रवचनानं दिला नव्हता. विश्वास ठेवायचं कामसुद्धा काही दिवस दुसऱ्यांवर टाकता येतं. पाळकसाहेबांना मी स्पष्ट सांगितलं, 'माझ्याच्यानं होत नाही, तुम्ही करा.' ते म्हणाले, 'बरं.' एवढंच. रविवारी उपासना झाल्यावर तरुण संघाची पोरं पेटी घेऊन घरी यायची, दोन भजनं म्हणायची आणि जाताना मला उचलून खुर्चीत बसवायची. ती बाज उचलणारी माणसं तुमच्याभोवती नक्की आहेत. त्यांना काम द्या. 'प्रार्थना करतो' म्हणणाऱ्याला म्हणा, 'करा, आणि गुरुवारी फिजिओला घेऊनही चला.'

दुसरं म्हणजे, तक्रार करायला आपल्याला परवानगी आहे. आपल्याकडे साक्ष म्हटली की शेवट 'प्रभूची स्तुती असो' असाच लागतो, म्हणून आजारी माणसाला वाटतं की आपणही हसतमुखच दिसलं पाहिजे. स्तोत्रसंहिता उघडून बघा. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी आशेची एक ओळसुद्धा नाही, आणि तरी ते शास्त्रात आहे. ते मोबाइलवर लावून ठेवायचो, कारण पुस्तक हातात धरवत नव्हतं. त्या वर्षी १८ एप्रिलला उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) होता. दुपारी बारा ते तीनच्या उपासनेला मला व्हीलचेअरवरून नेलं. येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांपैकी चौथा वाचला गेला, 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' लहानपणापासून दरवर्षी ऐकत आलोय. पण रात्री-अपरात्री हाच प्रश्न विचारून झाल्यावर तो ऐकणं वेगळं होतं. मला उत्तर मिळालं नाही. पण असं विचारणं म्हणजे विश्वास सोडणं नव्हे, एवढं त्या दिवशी पक्कं झालं.

एक गोष्ट मात्र मला अजून पुरती उलगडलेली नाही. ते इम्युनोग्लोब्युलिन हजारो लोकांनी दिलेल्या रक्तद्रव्यातून काढतात. ते कोण, कुठले, कुठल्या जातीधर्माचे, मला कधीच कळणार नाही. पुढे प्रभुभोजनाला ख्रिस्ताच्या रक्ताची खूण असलेला प्याला हातात आला तेव्हा हात थरथरत होता, थोडा आजारानं आणि थोडा या विचारानं. यावर मी अजून कुणाशी नीट बोललेलो नाही.

भेटायला येणाऱ्यांपैकी कुणी तरी 'काही पाप राहिलं असेल, आठवून बघ' म्हणणारच. बायबलमधल्या दुःखी ईयोबाला 'तुझंच पाप असेल' म्हणणारे त्याचे मित्र प्रत्येक मंडळीत असतात. योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाबद्दल शिष्य हेच विचारतात, पाप कुणाचं, याचं की आईबापाचं? येशू म्हणतो, दोघांचंही नाही. वाद घालू नका, तो अध्याय वाचायला सांगा. आणि आमच्या साथीत संशयाची सुई पिण्याच्या पाण्याकडे होती, हेही सांगा.

पाय कधी परत येतील याचा हिशेब न्यूरॉलॉजिस्टकडून समजून घ्या. नसेचं नुसतं वरचं वेष्टण खराब झालं असेल तर सुधारणा लवकर दिसते. आतला तंतूच तुटला असेल तर तो वाढतो दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर, म्हणजे महिन्याला साधारण तीन सेंटिमीटर. गुडघ्यापासून पावलापर्यंतचं अंतर मोजून बघा, म्हणजे पाऊल अजून का उचलत नाही ते कळेल. मला हा आकडा समजल्यावर 'प्रभू, आजच चालू दे' म्हणणं बंद झालं. 'आजचा व्यायाम होऊ दे' इतकंच मागायला लागलो, आणि तेवढी प्रार्थना जमायची. तुम्हीही तेवढ्यापासून सुरू करा. थकवा मात्र चिवट असतो, चालायला लागल्यावरही रेंगाळतो. त्याला आध्यात्मिक दुबळेपणा समजून स्वतःला बोल लावू नका.

पुन्हा होण्याबद्दल: शंभरात साधारण दोन ते पाच जणांना होतो. म्हणजे बहुतेकांना होत नाही, पण भीती वाटणं वेडेपणाचं नाही. पायातली ताकद पुन्हा कमी व्हायला लागली, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला, तर आधी दवाखाना गाठा. पाळकांना फोन गाडीतून करा.

तुम्ही कुठल्या गावी आहात ते लिहिलं नाहीत. पुण्याच्या आसपास असाल तर कळवा, आमची पेटीवाली पोरं येतील.