ग्वेयांगला नोकरीसाठी जाताय? आधी नावाचं बघा, मग घराचं

तुमचा प्रश्न असा: ग्वेयांगमधल्या (चीनच्या ग्वेजोऊ प्रांताची राजधानी) एका कंपनीकडून महिना 12,000 युआनची ऑफर आहे, पत्नी आणि चार वर्षांची मुलगी बरोबर येणार, एवढ्यात भागेल का आणि निघण्याआधी काय तयारी करावी?

भागेल, आणि थोडे पैसे शिल्लकही पडतील. शांघायमध्ये याच पगारात ओढाताण झाली असती. ग्वेयांगमध्ये दोन बेडरूमचं साधं घर साधारण 1,500 ते 2,500 युआनला मिळतं, मेट्रोचं तिकीट 2 युआनपासून सुरू होतं आणि नूडल्सचा मोठा वाडगा 10 ते 15 युआनला पोट भरतो. पण या स्वस्ताईची किंमत दुसऱ्याच खिडकीवर मोजावी लागते. तिथे परदेशी माणसं कमी, त्यामुळे बँकेतल्या किंवा पोलीस ठाण्यातल्या कारकुनाने भारतीय पासपोर्ट कदाचित पहिल्यांदाच हातात घेतलेला असतो. तो नाही म्हणतो ते बहुतेक वेळा नियमामुळे नव्हे, तर त्याच्या पडद्यावर तुमचं नाव जुळत नाही म्हणून.

सुरुवात कागदांपासून. चीन नोव्हेंबर 2023 पासून अपोस्टिल करारात (एकाच शिक्क्यावर कागद दुसऱ्या देशात चालवणारा करार) आहे, म्हणून एजंट सर्रास ‘अपोस्टिल पुरे’ सांगतात. भारत आणि चीन यांच्यात मात्र तो करार लागू नाही. पदवी, पोलिसांचा दाखला, विवाहाचा दाखला आणि मुलीचा जन्मदाखला या सगळ्यांना परराष्ट्र मंत्रालयाचं साक्षांकन आणि त्यावर चिनी दूतावासाचं प्रमाणीकरण लागतं. पदवीला त्याआधी राज्य पातळीवरचा शिक्का. नगरपालिकेचा जन्मदाखला नुसता मराठीत असेल तर इंग्रजी असलेला नवा काढून घ्या. या कामाला दीड-दोन महिने हाताशी ठेवा. वर्क परमिटच्या नेहमीच्या गटात पदवी आणि दोन वर्षांचा अनुभव मागतात, तेव्हा जुन्या कंपनीचं अनुभवपत्र लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह घ्या. पत्नी-मुलीला आश्रितांचा व्हिसा मिळेल, पण त्यावर पत्नीला नोकरी करता येणार नाही.

आता नाव. आपल्याकडे नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव अशी तीन दालनं, पासपोर्टवर मात्र दोनच रकाने. पासपोर्टच्या तळाशी यंत्राने वाचायच्या ज्या दोन ओळी असतात त्यांतल्या वरच्या ओळीत आडनाव आधी आणि बाकीचं नंतर येतं. वर्क परमिटच्या पहिल्या अर्जापासून तोच क्रम, तीच स्पेलिंग, सगळी मोठी अक्षरं ठेवायला कंपनीला सांगा. मग सिमकार्ड, बँक खातं, वीचॅट (चीनमध्ये निरोप आणि पैसे दोन्हींसाठी लागणारं अॅप), रेल्वेचं तिकीट सगळीकडे हाच साचा. एके ठिकाणी मधलं नाव गळलं किंवा दोन शब्दांमधली मोकळी जागा गेली, तरी वीचॅट बँक कार्ड जोडू देत नाही, आणि चूक कुठे आहे हेही सांगत नाही. हा साचा एका कागदावर छापून खिशात ठेवा आणि प्रत्येक काउंटरवर पुढे करा. ज्यांच्या पासपोर्टवर आडनावाचा रकानाच कोरा आहे त्यांनी तो भारतातच दुरुस्त करून घ्यावा. चीनमध्ये पोचल्यावर हे दुखणं सहजी निस्तरत नाही.

फोनचं वेगळंच त्रांगडं आहे. भारतात जून 2020 पासून वीचॅटवर बंदी, तर चीनमध्ये गूगल आणि व्हॉट्सअॅप बंद. म्हणजे जे अॅप तिथे लागतं ते इथून उतरवता येत नाही, आणि अँड्रॉइडचं प्ले स्टोअर तिथे गेल्यावर चालत नाही. अँड्रॉइडवर चिनी सिम घातल्यावर वीचॅटच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच ते उतरवा. आयफोनवर अॅप स्टोअरचा देश बदलावा लागतो, आणि त्यासाठी चालू वर्गण्या व शिल्लक रक्कम आधी संपवावी लागते. हे घरीच उरका. नवं खातं उघडताना जुन्या वीचॅटधारकाने कोड स्कॅन करून साक्ष द्यावी लागू शकते, तेव्हा कंपनीतल्या कुणाला तरी विमानतळावरच बोलवा. हे जुळेपर्यंत हाताशी दोन-तीन हजार युआन रोख हवेत. भारतीय सिम रोमिंग सुरू करून जिवंत ठेवा, नाहीतर इथल्या बँकेचा ओटीपी येणार नाही. भारतातल्या आई-वडिलांकडे वीचॅट नसणार, तेव्हा त्यांच्याशी बोलायला टीम्स, किंवा दोन्हीकडे आयफोन असेल तर फेसटाइम, आधीच लावून द्या.

उतरल्यानंतरचा क्रम महत्त्वाचा. हॉटेलात असाल तर पोलीस नोंद हॉटेल करतं. घरात शिरलात की 24 तासांच्या आत ती तुम्हीच करायची. चुकल्यास 2,000 युआनपर्यंत दंड. मग आरोग्य तपासणी (उपाशीपोटी जा: रक्त, एक्स-रे, ईसीजी). बँक खातं त्याच आठवड्यात उघडा, कारण प्रवेशापासून 30 दिवसांच्या आत निवास परवान्याचा अर्ज करायचा असतो आणि त्या वेळी पासपोर्ट पोलिसांकडे जमा होतो. हातात राहते फक्त पावती, आणि ती घेऊन खातं उघडायला गेलात तर बहुधा परत पाठवतील. बँकेची मोठी, शहराच्या मध्यातली शाखा गाठा. कोपऱ्यावरच्या शाखेत अर्धा दिवस जाईल. पगारातले पैसे भारतात पाठवायचे तर करार, पगारपत्रक आणि कर भरल्याचा दाखला लागतो, म्हणून हे तिन्ही पहिल्या महिन्यापासून फाइलमध्ये साठवा.

घर भाड्याने घेताना ‘एक अनामत, तीन आगाऊ’ हा रिवाज, म्हणजे चार महिन्यांचं भाडं एकदम. शिवाय एजंटची दलाली. पैसे देण्यापूर्वी मालकाला एकच प्रश्न विचारा: पोलीस नोंदीसाठी घराच्या मालकीपत्राची आणि तुमच्या ओळखपत्राची प्रत द्याल ना? कराच्या भीतीने काही मालक कां-कूं करतात. तसं दिसलं तर ते घर कितीही देखणं असो, सोडा. ह्वाग्वोयुआन भागातल्या टोलेजंग इमारती स्वस्त आहेत, पण संध्याकाळी लिफ्टपाशी रांग लागते. मूल बरोबर असेल तर ग्वानशानहू मोकळं, नवं आणि थोडं महाग. विद्यापीठाजवळ ह्वाशी शांत, आणि डिसेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या तिसऱ्या मेट्रो मार्गामुळे आता शहराला जोडलेलं.

ग्वेजोऊ प्रांताबद्दल जुनी म्हण आहे: तीन दिवस सलग ऊन नाही, तीन ली (एक ली म्हणजे अर्धा किलोमीटर) सपाट जमीन नाही, माणसाच्या खिशात तीन दमड्या नाहीत. तिसरी गोष्ट आता जुनी झाली, पहिली अजून खरी. शहर सुमारे 1,100 मीटर उंचीवर, उन्हाळा महाबळेश्वरची आठवण करून देणारा. थंडीत मात्र पारा शून्याच्या आसपास उतरतो आणि घरात सरकारी हीटिंग नाही, कारण ते उत्तर चीनपुरतं आहे. दमट गारठा हाडात शिरतो. खाली विजेचा हीटर असलेलं टेबल आणि गादीवर पसरायची विजेची चादर तिथेच घ्या. कपाटं भिंतीला चिकटवू नका, मागे बुरशी धरते.

शाकाहारी असाल तर मांस टाळणं सोपं, डुकराची चरबी टाळणं अवघड. भाजीही त्यात परततात. ‘वो छ सू’ (मी शाकाहारी) म्हटल्यावरही वरून खिमा भुरभुरलेला येऊ शकतो, म्हणून चरबीचं वेगळं सांगा. स-वा-वा नावाच्या तळहाताएवढ्या पातळ पोळ्यांत चिरलेल्या भाज्या गुंडाळून आंबट-तिखट पाण्यात बुडवून खातात. हे मुलीलाही चालेल, फक्त तिखट बेताने. भाज्यांच्या ताटात पांढरी मुळं असतील तर ती ज-अर्-गेन. वास माशासारखा, आणि स्थानिकांना जीव की प्राण.

मूग आणि राजमा बाजारात सापडतात, गव्हाची अख्खी कणीक ऑनलाइन मागवता येते. तूरडाळ, गोडा मसाला, आमसुलं मात्र बरोबर न्या. दुधाचे पदार्थ आणि बियाणं नेऊ नका, कस्टममध्ये काढून घेतात. वीज 220 व्होल्टच आहे, त्यामुळे आपला मिक्सर साध्या पिन-अडॅप्टरवर चालतो.