वाचक विचारतात : युद्धनौका पाण्यात उतरते तेव्हा

गेल्या अंकात युद्धनौकेच्या जलावतरणावर एक छोटं टिपण छापलं होतं. त्यावर भंडारा, चंद्रपूर, यवतमाळ या जिल्ह्यांतल्या गावांतून बरीच पत्रं आली. समुद्रापासून इतक्या लांबून इतके नेमके प्रश्न आल्याचा मनापासून आनंद झाला. सारख्या प्रश्नांची पत्रं एकत्र करून उत्तरं देत आहोत.

‘सुरत’ या विनाशिकेचं जलावतरण मे २०२२ मध्ये झालं आणि ती नौदलात दाखल झाली जानेवारी २०२५ मध्ये. जहाज पाण्यात उतरलं म्हणजे तयारच झालं ना? मग मधली अडीच वर्षं काय चालतं? — एक शिक्षक, आर्णी (जि. यवतमाळ)

त्या दिवशी उतरतो तो बराचसा सांगाडा असतो. मुंबईच्या माझगाव गोदीत ११ सप्टेंबर २०२२ ला ‘तारागिरी’ ही युद्धनौका उतरली तेव्हा तिचं वजन सुमारे ३,५१० टन होतं. याच वर्गातल्या पूर्ण सजलेल्या नौकेचं वजन सुमारे ६,६७० टन भरतं. म्हणजे जवळजवळ निम्मं जहाज पाण्यात उतरल्यावर चढतं. इंजिनं, गिअरबॉक्स अशी अवजड यंत्रं वरचा डेक बंद होण्याआधीच आत ठेवावी लागतात. शाफ्ट (इंजिनाची ताकद प्रोपेलरपर्यंत नेणारा दांडा), प्रोपेलर आणि सुकाणू पाण्याखालचे, म्हणून तेही आधीच बसतात. केबल, पाइप, वातानुकूलन, रडार, तोफा, क्षेपणास्त्रांचे कप्पे यांचं बहुतेक काम मात्र धक्क्याला बांधलेल्या जहाजावर चालतं. तोवर रिकाम्या झालेल्या उतारावर पुढच्या जहाजाचा सांगाडा उभा राहू लागतो.

या काळातली दोन कामं बाहेरच्यांना दिसत नाहीत, पण पुढचं सगळं त्यांच्यावर अवलंबून असतं. पहिलं म्हणजे तेलाच्या पाइपांची धुलाई. नव्या पाइपात वेल्डिंगचे कण, गंज, घासकामाची भुकटी असतेच. गरम तेल वेगाने फिरवून जाळीत कण येईनासे होईपर्यंत हे चालू ठेवतात. इथे घाई केली तर तोच कण पहिल्या फेरीत बेअरिंगवर ओरखडा काढतो. दुसरं काम शाफ्ट एका रेषेत आणण्याचं. जमिनीवर टेकलेलं जहाज आणि तरंगणारं जहाज यांचा आकार अगदी तंतोतंत सारखा नसतो, पोलाद किंचित वाकतं. म्हणून शेवटची मापं पाण्यात असतानाच घेतात. तीही शक्यतो पहाटे, कारण उन्हाने डेक तापला की वरची बाजू प्रसरण पावते आणि माप फसतं.

नौदलात दाखल होईपर्यंत कागदोपत्री जहाजाला यार्ड क्रमांक, म्हणजे गोदीचा क्रमांक, असतो. २६ डिसेंबर २०२३ ला दाखल झालेली ‘इंफाळ’ त्याआधी ‘यार्ड १२७०६’ होती.

आम्ही वैनगंगेत डोंगा ढकलतो तो चार जण लागून. हजारो टनांचं जहाज कोण ढकलतं? आणि मे २०२५ मध्ये उत्तर कोरियात जहाज उतरवतानाच कलंडलं, ते काहून? — मच्छीमार संस्थेचे एक सभासद, पवनी (जि. भंडारा)

त्याला कोणी ढकलत नाही. ते आपल्या वजनाने जायलाच निघालेलं असतं, खरी कसरत त्याला धरून ठेवण्याची. जहाज बांधतात तो उतार साधारण वीस फुटांना एक फूट असा असतो. बांधकामाच्या काळात सगळं वजन खालच्या ठोकळ्यांवर असतं. जलावतरणाच्या आधी उताराच्या पट्ट्यांवर ग्रीसचे जाड थर देतात आणि त्यावर सरकता पाळणा बसवतात. मग पाचरी ठोकून वजन हळूहळू ठोकळ्यांवरून पाळण्यावर घेतात. बाजूचे टेकू ठरलेल्या क्रमाने काढतात, शेवटचे ठोकळेही काढतात. आता जहाज फक्त अडकणीवर उभं असतं. ती सोडली की ते निघतं. ग्रीस फार मऊ झालं तर वजनाखाली पिळून निघतं, फार घट्ट झालं तर जहाज जागचं हलत नाही. म्हणून कोणतं ग्रीस वापरायचं ते त्या ठिकाणचं तापमान आणि त्यावर येणारा दाब पाहून ठरवतात.

बहुतेक वेळा मागची बाजू आधी पाण्यात जाते. धोक्याचे क्षण दोन. मागचा भाग बराच पुढे गेला आणि खाली पुरेसं पाणी नसलं, तर तो उचलला जाण्याऐवजी खाली झुकतो आणि नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, वर उठते. उलट, मागचा भाग व्यवस्थित तरंगायला लागला की उरलेलं सगळं वजन पाळण्याच्या पुढच्या टोकावर येतं. हजारो टनांपैकी कितीतरी भार काही सेकंद तेवढ्याच जागेवर! म्हणून ते टोक सगळ्यांत भक्कम करतात. पाणी जास्तीत जास्त मिळावं म्हणून दिवस आणि वेळ भरतीच्या तक्त्यावरून ठरते, बहुधा पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासच्या मोठ्या भरतीची. माझगावला काही नौका उतरवताना खाली पाँटून, म्हणजे पोकळ तरंगता पेटारा, जोडतात. त्याच्या तरंगशक्तीमुळे कमी पाण्यातही जहाज सुटतं. मोठ्या जहाजांसाठी तर उताराची भानगडच नको म्हणून ती सुक्या गोदीत बांधतात आणि पाणी आत सोडून तरंगवतात. कोचीला विमानवाहू ‘विक्रांत’ तशीच बांधली.

उत्तर कोरियात चोंगजिनला २१ मे २०२५ रोजी सुमारे ५,००० टनांची विनाशिका आडवी, म्हणजे बाजूने, उतरवत होते. या पद्धतीत जहाजाखालचे सगळे पाळणे एकाच क्षणी, एकाच वेगाने सुटावे लागतात. तिथे मागच्या बाजूचा आधी सुटला. मागचा भाग पाण्यात गेला, नाळ धक्क्यावरच अडकली, जहाज कलंडलं आणि आत पाणी शिरलं. नंतर ते उभं करून १२ जूनला राजिन बंदरात पुन्हा जलावतरण केलं. बाजूने उतरवणं ही पद्धत चुकीची नाही, अरुंद पाण्यात तीच सोयीची असते. पण एवढ्या मोठ्या जहाजासाठी ती वापरायची तर सगळ्या आधारांची एकत्र तालीम हवी.

जहाज उलटणार नाही हे समुद्रात जाण्याआधी कसं कळतं? — बारावीची विद्यार्थिनी, लाखनी (जि. भंडारा)

तुमच्या पुस्तकातल्या गुरुत्वमध्याचाच हा प्रश्न आहे. गणिताने गुरुत्वमध्य काढलेला असतोच, पण हजारो वस्तू बसवताना प्रत्यक्ष वजनं थोडी-थोडी बदलतात. म्हणून जहाज मुद्दाम कलवून बघतात, आणि साधन काय, तर गवंड्याकडे असतो तो ओळंबा.

शांत पाणी आणि वारा नसलेली वेळ निवडतात. दोर सैल करतात. टाक्या पूर्ण भरलेल्या किंवा पूर्ण रिकाम्या ठेवतात, कारण अर्धवट टाकीतलं पाणी कलत्या बाजूला धावतं आणि निकाल बिघडवतं. तळाचं साचलेलं पाणी उपसतात. अनावश्यक माणसं खाली उतरवतात, उरलेल्यांनी जागा सोडायची नाही. मग मोजलेलं वजन डेकवर एका बाजूकडून दुसरीकडे सरकवतात आणि लांब ओळंबा किती हलला ते पट्टीवर वाचतात. ओळंब्याचं वजन तेलाच्या किंवा पाण्याच्या भांड्यात बुडवलेलं असतं, म्हणजे ते झुलत राहत नाही.

समजण्यापुरते आकडे घेऊ. जहाज ५,००० टन, २० टन वजन १० मीटर सरकवलं, ५ मीटर लांबीचा ओळंबा १० सेंटिमीटर हलला. कलाचं गुणोत्तर ०.१० भागिले ५, म्हणजे ०.०२. आता २० गुणिले १० भागिले (५,००० गुणिले ०.०२) बरोबर २ मीटर. ही जहाजाची स्थिरतेची उंची, शास्त्रात तिला ‘जीएम’ म्हणतात. ती शून्याखाली गेली तर जहाज सरळ उभं राहू शकत नाही. फार जास्त असली तरी त्रास, जहाज झटके देत डोलतं आणि तोफांचा नेम बिघडतो. एकाच मापावर विसंबत नाहीत. वजनं दोन्ही बाजूंना अनेकदा सरकवून सगळे आकडे आलेखावर मांडतात. ते सरळ रेषेत आले नाहीत तर कुठेतरी दोर ताणला आहे किंवा टाकीत पाणी हलतं आहे असं समजायचं.

स्वीडनच्या ‘वासा’ या युद्धनौकेवर १६२८ मध्ये ३० माणसांना डेकवर इकडून तिकडे पळवून पाहिलं होतं. जहाज इतकं डोलायला लागलं की ते थांबवावं लागलं. तरीही जहाज सोडलं, आणि पहिल्याच प्रवासात सुमारे १,३०० मीटर जाऊन ते बुडालं.

समुद्री चाचणीत नेमकं काय करतात? आणि २८ नॉट म्हणजे किती? — एक वाचक, मूल (जि. चंद्रपूर)

एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. २८ नॉट म्हणजे ताशी जवळपास ५२ किलोमीटर.

आधी धक्क्याला बांधूनच इंजिनं चालवतात. मग समुद्रात, तेही टप्प्याटप्प्याने. ‘विक्रांत’ची बंदरातली चाचणी नोव्हेंबर २०२० मध्ये झाली, पहिली समुद्रफेरी ४ ते ८ ऑगस्ट २०२१, पुढच्या फेऱ्या ऑक्टोबर २०२१, जानेवारी २०२२ आणि जुलै २०२२ मध्ये. २ सप्टेंबर २०२२ ला ती नौदलात आली. पहिल्या फेऱ्यांत वेग एकदम वाढवत नाहीत. प्रत्येक पायरीवर बेअरिंगचं तापमान ठरावीक वेळाने लिहितात. ते चढून स्थिरावलं तर पुढची पायरी, चढतच राहिलं तर इंजिन खाली. वेग मोजताना त्याच रेषेवर जाऊन-येऊन धावतात, म्हणजे प्रवाहाचा फायदा-तोटा कटतो. सुकाणू पूर्ण वळवून वर्तुळ किती मोठं होतं ते बघतात. पूर्ण वेगात असताना प्रोपेलरचा जोर उलट दिशेला देऊन जहाज किती अंतरात थांबतं ते बघतात. वीज मुद्दाम बंद करून राखीव जनरेटर किती सेकंदांत उचलतो तेही. शस्त्रं आणि रडार यांच्या चाचण्या त्यानंतर.

बिघाड कुठे निघतात? बंदराच्या पाण्यातला गाळ, प्लॅस्टिक आणि जेलीफिश थंड पाण्याच्या जाळीत अडकतात आणि इंजिन तापतं. शाफ्ट जिथून बाहेर पडतो तिथलं सील ठिबकतं. धक्क्याला दीर्घकाळ उभ्या जहाजाच्या तळाला शिंपल्यासारखे जीव चिकटतात आणि वेग पडतो, म्हणून वेगाच्या चाचणीआधी सुक्या गोदीत नेऊन तळ साफ करतात. दोष निघाला की ‘चाचणी फसली’ अशी बातमी येते, ती आम्हाला पटत नाही. दोष गोदीच्या अभियंत्यांसमोर निघावा यासाठीच ही चाचणी असते.

नारळ बाईंच्याच हस्ते का फोडतात? — एक वाचक, दारव्हा (जि. यवतमाळ)

ही जुनी नाविक प्रथा. आपल्याकडे बहुधा प्रमुख पाहुण्यांच्या पत्नी जलावतरण करतात, त्या वेळी अथर्ववेदातले मंत्र म्हटले जातात.

आमच्या भागातल्या मॅंगनीजचा युद्धनौकेशी काही संबंध येतो का? आणि वेल्डरला तिथे काम मिळतं का? — आयटीआयचा विद्यार्थी, तुमसर (जि. भंडारा)

चिखला किंवा डोंगरी बुजुर्गच्या खाणीतला अमुक दगड अमुक जहाजात गेला असं कोणी दाखवू शकणार नाही. पण मॅंगनीजशिवाय युद्धनौकेचं पोलाद होत नाही. लोखंडातल्या गंधकाला मॅंगनीज बांधून ठेवतं. ते नसेल तर तापलेलं पोलाद लाटताना चिरा जातात. ‘सेल’ या सरकारी पोलाद कंपनीचा चंद्रपूरचा कारखाना फेरो मॅंगनीज (पोलादात घालायचा लोखंड-मॅंगनीजचा मिश्रधातू) बनवतो. ‘विक्रांत’साठी सुमारे ३०,००० टन खास पोलाद सेलच्या भिलाई, बोकारो आणि राउरकेला इथल्या कारखान्यांतून गेलं. भिलाई तर तुमच्याच रेल्वेमार्गावर.

काम जरूर मिळतं. माझगाव डॉक शिकाऊ उमेदवार घेते, आठवी, दहावी आणि आयटीआय झालेल्यांसाठी वेगवेगळे गट असतात. वयाच्या अटी त्या वर्षीच्या जाहिरातीत बघाव्यात. आतापासून एक सवय लावा, वेल्डिंगचा रॉड कोरडा ठेवण्याची. दमट रॉडमधला हायड्रोजन जोडात शिरतो आणि काही तासांनी, कधी दोन दिवसांनीही, आतून तडा जातो, वरून जोड छान दिसत असला तरी. लो-हायड्रोजन रॉड साधारण ३०० ते ३५० अंशांवर एक-दोन तास भाजतात, नेमका आकडा पाकिटावर असतो. मग गरम डब्यात ठेवून लागेल तसा एकेक काढायचा. पाकीट फोडून दिवसभर उघडा पडलेला रॉड महत्त्वाच्या जोडाला वापरायचा नाही.