नऊ पानं आणि एक ओळ

तुमचं नऊ पानी पत्र मिळालं. वाचकांसाठी थोडक्यात सांगते. तुम्ही नास्तिक, तुमचा शाळेपासूनचा मित्र आस्तिक. 'नास्तिक म्हणायचं कुणाला' यावरून दोन वर्षं तुमची जुंपलेली आहे. तुम्ही म्हणता, देवावर विश्वास नसणं एवढाच नास्तिकपणा. तो दावाच नव्हे, मग पुरावा मी का द्यायचा? तो म्हणतो, 'देव नाही' असं छातीठोकपणे सांगेल तो नास्तिक, बाकीचे कुंपणावरचे. आता त्याने बोलणंच टाकलंय आणि निवाडा मी करायचा आहे.

करते, त्यात काय. तुमची व्याख्या अँटनी फ्लू या तत्त्वज्ञाने १९७२ साली हिरिरीने मांडली. पण त्याच लेखात त्याने कबूल केलं होतं की शब्दाचा रूढ अर्थ तुमचा मित्र सांगतो तोच आहे, आपण तो बदलू पाहतोय. कुंपणावरच्यांसाठी टी. एच. हक्सले या इंग्रज जीवशास्त्रज्ञाने १८६९ मध्येच वेगळा शब्द काढला होता, आपण त्याला अज्ञेयवादी म्हणतो. थोडक्यात, दोन्ही अर्थ चालू आहेत. कुठला घेतलाय ते आधी सांगितलं की वाद पाच मिनिटांत मिटतो. तुम्ही तो दोन वर्षं पुरवलात, कारण मजा येत होती. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती सातव्या पानावर. 'मध्यंतरी त्याची आई गेली, त्यामुळे आठवडाभर चर्चा थांबली होती. नंतर त्याने विषयांतर करून विचारलं, म्हणजे तुझ्या मते आई आता कुठेच नाही का? मी म्हटलं, हा प्रश्न व्याख्येच्या कक्षेत येत नाही.' पुढच्या ओळीपासून पुन्हा पुराव्याचा भार सुरू.

विषयांतर?

अहो, दोन वर्षांत त्या माणसाने विचारलेला हा एकच खरा प्रश्न होता. आणि तुम्हाला व्याख्येचीच भाषा कळत असेल तर तीही ऐका. 'आस्तिक' आणि 'नास्तिक' हे शब्द पाणिनीच्या एका सूत्रातून सिद्ध होतात: 'आहे' अशी ज्याची मती तो आस्तिक, 'नाही' अशी मती तो नास्तिक. आहे किंवा नाही, पण काय? काशिका हा पाणिनीच्या सूत्रांवरचा जुना टीकाग्रंथ उत्तर देतो: परलोक. देवाचं तिथे नावही नाही. मनुस्मृतीने मात्र वेदांची निंदा करणाऱ्याला नास्तिक ठरवलं, म्हणून तर वेद मानणारे पण जगाचा कर्ता ईश्वर न मानणारे मीमांसकही आस्तिकांच्या पंगतीत बसले. पण माणूस गेल्यावर काही उरतं का, हा प्रश्न त्या शब्दाच्या पोटात पहिल्यापासून आहे. मित्र नेमका तोच विचारत होता आणि तुम्ही त्याला कक्षेबाहेर काढलंत!

तुम्ही खोटं बोलायला हवं होतं, असं मी म्हणत नाही. 'मला वाटतं, नाही रे. पण मला त्या आठवतात,' एवढं म्हणता आलं असतं. पत्रावरून दिसतं की तुम्ही शाळेपासून त्यांच्या घरात वावरलात. सहाव्या पानावर, 'त्या आम्हाला भांडताना पाहून दिवा घालवून निघून जायच्या' असं तुम्हीच लिहिलंय, तेही मित्राचं घराणं किती सश्रद्ध आहे याचा दाखला म्हणून!

त्याला मेसेज करू नका, पत्रही नको. तुमची पत्रं कशी असतात ते मी पाहिलंय. या आठवड्यात त्याच्या दारात जा आणि 'त्या दिवशी मी फार वाईट उत्तर दिलं' असं म्हणा. मग दिवा घालवण्याची गोष्ट त्याला सांगा. तो रडला तर बसून राहा. त्याने आपणहून 'पुरावा काय' म्हणून छेडलं, तरी त्या दिवशी हरा.